शेजारच्या पँट्रीसाठी शिधा देताना...

अमेरिकेतील केंद्र सरकारचे कामकाज ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीअभावी ठप्प झाले आणि १ नोव्हेंबरपासून गरजूंना मिळणाऱ्या सरकारी अन्नसाह्यात खंड पडला. तेव्हा चार कोटींहून अधिक लोकांचा किराणा या साह्यावर अवलंबून होता. त्या दिवसांत असंख्य कुटुंबांनी आपापल्या वस्तीतील 'फूड पँट्री'ची वाट धरली. या पँट्रीच्या फळ्या भरण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेल्या शिध्याचाही वाटा असतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही या कामात सहज हातभार लावता येतो.

बँक आणि पँट्री

फूड बँक हे मोठे कोठार, तर पँट्री हे वस्तीतील वाटप केंद्र. पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथे सुरू केली. पँट्री बहुधा चर्च, शाळा किंवा समाजमंदिरात चालते. २०१६ मध्ये आर्कान्सातील फेएटव्हिल येथे जेसिका मॅक्लार्ड यांनी रस्त्याकाठी एक छोटे कपाट उभारले. ज्याला हवे त्याने न्यावे, ज्याला शक्य त्याने ठेवावे, अशी ही पद्धत. तिचे अनुकरण पुढे अनेक गावांनी केले.

काय द्यावे?

अनेक लहान केंद्रांत शीतकपाटाची सोय अपुरी असते. त्यामुळे तेथे टिकाऊ पदार्थांना महत्त्व आहे. तांदूळ, डाळी, पास्ता, ओट्स, पीनट बटर, डबाबंद कडधान्ये, भाज्या आणि मासे यांना मागणी असते. घेणाऱ्याकडे चूल असेलच असे नाही. म्हणून कडी ओढून उघडणारे आणि न शिजवता खाता येणारे डबे अधिक उपयोगी. आपली तूरडाळ, मूगडाळ, पोहेही चालतात; मात्र पाकीट मूळचे आणि सीलबंद हवे. मोठ्या पोत्यातून काढून पिशवीत बांधलेले धान्य सहसा स्वीकारले जात नाही.

काय टाळावे?

घरचे लोणचे, लाडू, चिवडा कितीही प्रेमाने केलेले असले, तरी पँट्री ते सहसा घेत नाही. कारण घटक आणि स्वच्छतेची खातरजमा करता येत नाही. फुगलेले, गळके, गंजलेले किंवा कडेला खोल पोचा आलेले डबे घातक ठरू शकतात. काचेच्या बरण्या फुटण्याची भीती असते.

तारखेचे काय?

डब्यावरील 'बेस्ट बाय' तारीख बहुतांशी चवीची आणि दर्जाची असते, सुरक्षिततेची नव्हे. बाळांचे दूध पावडर मात्र याला अपवाद. तारीख उलटल्यावर ते देऊच नये. मुदत संपलेल्या वस्तूंबाबत प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा असल्याने आधी विचारणे उत्तम. सद्भावनेने अन्न देणाऱ्यास १९९६ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिले आहे. घोर निष्काळजीपणाला मात्र ते लागू नाही.

सणासुदीला पँट्रीकडे ओघ वाढतो आणि नंतर आटतो. भूक मात्र बारमाही असते. म्हणून दर महिन्याच्या किराणा यादीत दोन वस्तू पँट्रीसाठी लिहाव्यात. त्या निवडताना एकच प्रश्न पुरे : हे मी आज माझ्या घरच्या ताटात वाढेन का?