प्रोग्रॅमच्या गुपितांची तिजोरी

डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट स्वीकारणाऱ्या कंपनीने दिलेली की, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचे टोकन, प्रमाणपत्रामागची खाजगी किल्ली. अशी अनेक गुपिते हाताशी असल्याशिवाय आजचे कोणतेही मोठे ॲप्लिकेशन चालत नाही. माणूस आपला पासवर्ड पाठ करू शकतो. प्रोग्रॅम मध्यरात्री आपोआप सुरू होतो आणि त्याला पासवर्ड कुठून तरी वाचावाच लागतो. ती जागा कोणती असावी, हा संगणक-व्यवसायातला जुना प्रश्न आहे. त्याची उत्तरे बदलत गेली ती बहुतेक वेळा काही तरी फुटल्यानंतरच.

सुरुवात माणसांच्या पासवर्डपासून झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, हा तिचा हेतू होता. सगळ्यांचे पासवर्ड साध्या मजकुराच्या एका फायलीत होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता, म्हणून त्याने ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी पासवर्डची यादी उमटली. यावरचा टिकाऊ उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या अनुभवातून मांडला. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकाच्या नोव्हेंबर १९७९ च्या अंकात त्यांचा लेख आला. पासवर्ड साठवूच नये, एकाच दिशेने चालणाऱ्या गणिताने काढलेला त्याचा ठसा तेवढा साठवावा, हे त्याचे सार.

प्रोग्रॅमच्या गुपितांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. दार राखणाऱ्याला ठसा पुरतो. आत जाणाऱ्याला मूळ पासवर्डच सांगावा लागतो, आणि डेटाबेसच्या दाराशी ॲप्लिकेशन आत जाणाऱ्याच्या भूमिकेत उभे असते. त्यामुळे त्याचा पासवर्ड, पुन्हा वाचता येईल अशाच रूपात, कुठे तरी ठेवणे भाग पडते. पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीचा आहे.

अनेक वर्षे हे पासवर्ड कोडमध्येच किंवा कोडशेजारच्या कॉन्फिगरेशन फायलीत राहिले. वर्डप्रेस आणि रेल्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनांची, डेटाबेसची माहिती ठेवणारी फाइल याच प्रकारची. कोड कार्यालयाच्या आतल्या सर्व्हरवर असेपर्यंत हे खपून गेले. मग दोन गोष्टी थोड्या अंतराने घडल्या. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि पुढे भाड्याचे संगणकही केवळ एका गुप्त कीच्या जोरावर वापरता येऊ लागले. ती की ज्याच्या हाती, त्याला दुसऱ्याच्या खर्चाने हवी तेवढी यंत्रे चालवता येत होती. २००८ मध्ये गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि कोड उघड्यावर ठेवण्याची रीत पडली. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने कोडमध्ये शोधण्याची नवी सोय आणली, तेव्हा लोकांनी चढवलेल्या खाजगी किल्ल्या कोणालाही शोधून काढता येतात, हे काही तासांतच दिसले. शिवाय गिटहबमागची गिट ही प्रणाली प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवते. चुकून गेलेली ओळ पुसली तरी ती इतिहासात राहतेच.

उबर कंपनीला हा धडा दोनदा मिळाला. २०१४ मध्ये एका अभियंत्याने गिटहबवर उघडी टाकलेली ॲमेझॉनची की वापरून चालकांची माहिती चोरली गेली. २०१६ मध्ये रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे गिटहबवरचे भांडार, खाजगी होती. पण चोर तिच्यात शिरले, तिथे त्यांना तशीच की साध्या मजकुरात सापडली आणि ५.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने ही गोष्ट वर्षभर दडवली. रिपॉझिटरीला कुलूप लावणे पुरेसे नसते, हे या दुसऱ्या घटनेने सिद्ध केले.

दरम्यान हेरोकू कंपनीच्या अनुभवातून ॲडम विगिन्स यांनी २०११ मध्ये 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' ही नियमावली लिहिली. कॉन्फिगरेशन कोडमध्ये ठेवू नये, ते एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांतून, यावे, हा तिचा एक नियम. तो सर्वत्र पसरला, आणि त्याने खरेच भले केले. पण एन्व्हायर्न्मेंटमधले मूल्य प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोग्रॅमला दिसते, कधी चुकांच्या नोंदींतही उतरते. २०२१ मध्ये कोडकोव्ह या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये हल्लेखोरांनी बदल केला. त्या बदलाने ग्राहकांच्या यंत्रांवरचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल गोळा करून बाहेर पाठवले. सुमारे दोन महिने हे कोणाच्या लक्षात आले नाही.

गुपितांसाठी स्वतंत्र सेवा असावी, हा विचार २०१५ मध्ये एकदम पक्व झाला. एप्रिलमध्ये स्क्वेअर कंपनीने कीव्हिझ हे आपले साधन खुले केले. त्याच महिन्यात मिचेल हाशिमोतो आणि आर्मन दादगर यांच्या हाशिकॉर्पने व्हॉल्ट आणले. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युर की व्हॉल्ट सेवाही त्याच वर्षी आली. व्हॉल्टची रचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तिजोरी उघडणारी मुख्य किल्ली कोणा एकाकडे नसते. तिचे पाच भाग करतात आणि त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले की ती तयार होते. देवस्थानची दानपेटी अनेक विश्वस्तांच्या किल्ल्या जमल्याशिवाय उघडत नाही, तसेच हे. फक्त इथे दोघे गैरहजर असले तरी काम अडत नाही. हे गणित आदी शामीर यांचे, आणि त्यांचा दोन पानांचा लेखही मॉरिस-थॉम्प्सन यांच्या लेखाच्याच अंकात, नोव्हेंबर १९७९ मध्ये, छापला गेला होता. व्हॉल्टची दुसरी देणगी अधिक मोलाची मानावी लागेल. ॲप्लिकेशनने मागितल्यावर डेटाबेसचे नवे खाते तयार करायचे, ते ठराविक मुदतीसाठी द्यायचे आणि मुदत संपली की काढून टाकायचे. तोवर सगळी शक्ती गुपित लपवण्यात खर्च होत होती. चोरीला गेलेले गुपित लवकर निकामी व्हावे, हा विचार इथे रुजला.

व्हॉल्ट चालवायला मात्र जाणकार माणसे लागतात. ते ओझे क्लाउड कंपन्यांनी उचलले. ॲमेझॉनची सीक्रेट्स मॅनेजर सेवा एप्रिल २०१८ मध्ये आली, गूगलची सीक्रेट मॅनेजर २०२० मध्ये. काम सगळीकडे साधारण सारखेच चालते. ॲप्लिकेशन सेवेच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या खिडकीला, गुपिताचे नाव सांगून विनंती करते. मागणारा कोण आणि त्याला परवानगी आहे का, हे तपासले जाते. मग गुपित उलगडून सुरक्षित जोडणीवरून परत येते आणि वाचनाची नोंद ठेवता येते. कोणी, केव्हा, कोणते गुपित वाचले हे सांगणारी ही नोंद जुन्या कॉन्फिगरेशन फायलीने कधीच दिली नसती. साठवताना दुहेरी पद्धत वापरतात: गुपित एका किल्लीने बंद करायचे आणि ती किल्ली दुसऱ्या, सहसा बाहेर न येणाऱ्या किल्लीने.

गूगलच्या सेवेत एकदा लिहिलेली आवृत्ती बदलत नाही. नवे मूल्य म्हणजे नवी आवृत्ती. त्यामुळे नवा पासवर्ड चुकीचा निघाला तर मागे फिरता येते. ॲमेझॉनने पासवर्ड आपोआप बदलण्यावर भर दिला. नवा पासवर्ड बनवणे, डेटाबेसमध्ये लावणे, चालतो का पाहणे आणि मगच तो चालू ठरवणे, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. तिसरी पायरी गाळली तर अख्खे ॲप्लिकेशन बंद पडू शकते. मुंबईत ॲमेझॉन व गूगलची आणि पुण्यात मायक्रोसॉफ्टची केंद्रे असल्याने ही गुपिते महाराष्ट्रातही साठवता येतात.

एक प्रश्न उरतो: तिजोरीला आपली ओळख पटवण्यासाठी ॲप्लिकेशनला पहिले गुपित कोण देणार? यावर ॲमेझॉनने २०१२ मध्येच उत्तर शोधले होते. भाड्याच्या यंत्राला एक भूमिका नेमून द्यायची. मग यंत्राच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या एका पत्त्यावर तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. हेही अभेद्य ठरले नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलला फसवून याच पत्त्यावरून किल्ल्या काढल्या गेल्या आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी ॲमेझॉनने त्या पत्त्यावरची विचारणा अधिक कडक केली. २०२१ पासून गिटहबवरच्या स्वयंचलित कामांनाही, कायमची की न बाळगता, सही केलेल्या ओळखपत्रावर क्लाउडमध्ये प्रवेश मिळू लागला.

ही वाट योग्य आहे, पण तिथवर सगळे पोहोचलेले नाहीत. बाहेरच्या असंख्य सेवा, पेमेंटपासून एसएमएसपर्यंत, अजून महिनोन् महिने चालणारी एक लांबलचक कीच देतात. त्या देत राहतील तोवर क्लाउडमधल्या तिजोरीची गरज राहील.