काच, चौकट आणि आजीची खिडकी

गेले तीन वीकेंड आमच्या घरात एकच विषय चालू आहे. खिडक्या. आमचा कोथरूडचा फ्लॅट १९८०च्या दशकातला. लोखंडी चौकटी गंजल्यात, झडपा अर्धवटच लागतात आणि खालची रहदारी वाढल्यापासून बाबांना रात्री धड झोप नाही. शेवटी सगळ्या खिडक्या बदलायच्या ठरलं. घरातला इंजिनीअर मी, त्यामुळे ऑप्शन शोधायचं काम आपोआप माझ्याकडे. (मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण घरच्यांच्या लेखी गीझरपासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळ्याचा इंजिनीअर मीच :-))

विक्रेता आला, मापं घेतली आणि म्हणाला, "साहेब, यूपीव्हीसीची फ्रेम, डबल काच, मध्ये हवा. बाहेरचा आवाज एकदम बंद!" बाबा खूश. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली आजी म्हणाली, "अरे, मग मला कळायचं कसं बाहेर काय चाललंय ते?"

आजी शहाऐंशी वर्षांची आहे. तिला आता अंधुकच दिसतं. भाजीवाला आला, शाळेची रिक्षा सुटली, पाऊस पडायला लागला, हे सगळं तिला त्या खिडकीतून कानांनी कळतं. विक्रेता गेला, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कुठलीही जुनी सिस्टीम बदलताना ती मुळात कुणाच्या गरजेसाठी बनवली होती ते बघावं, असं ऑफिसात मी ज्युनियर पोरांना सांगत असतो. म्हटलं, खिडकीचंही तसंच बघू.

आजीच्या माहेरच्या वाड्यातल्या खिडक्यांना काच नव्हतीच. सागवानी चौकट, उभे गज आणि आतून लाकडी झडपा. उघडलं की वारा आणि उजेड, लावलं की दोन्ही बंद. आपल्याकडे खिडकीचं पहिलं काम वारा घेणं. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या घरांत तर तावदानांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात. उजेड आत येतो, ऊन डोळ्यांवर येत नाही. टिंटेड काचेचंच काम, फक्त समुद्राने केलेलं.

युरोपात गरज बरोबर उलटी. तिथे खिडकी उघडी ठेवली तर माणूस थंडीने गारठणार, आणि बंद केली तर दिवसाही अंधार. म्हणून काच. रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातच खिडक्यांना काचा बसवल्या होत्या. पण पुढे कित्येक शतकं मोठी सपाट काच बनवणं जमत नव्हतं. एका पद्धतीत काचेचा फुगा करून तो गरगर फिरवायचा, म्हणजे त्याची थाळी व्हायची आणि तिचे तुकडे कापायचे. दुसरीत लांबट नळा फुंकायचा, तो उभा चिरायचा आणि तापवून सपाट करायचा. तुकडे लहान, म्हणून चौकटीत पट्ट्या मारून छोटी छोटी तावदानं. आज 'हेरिटेज लुक' म्हणून जास्तीचे पैसे मोजून आपण घेतो ते डिझाइन खरं तर नाइलाज होता.

इंग्लंडमध्ये १६९६ साली घराच्या खिडक्या मोजून कर लावायला सुरुवात झाली. लोकांनी काय करावं? सरळ खिडक्या विटांनी बुजवल्या! तशी घरं तिथे अजून दिसतात. काचेवर वेगळी जकात होती, ती १८४५ साली उठली. खिडक्यांचा कर १८५१ साली गेला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्यात सुमारे तीन लाख तावदानं होती, आणि ती सगळी नळा फुंकून केलेल्या काचेची.

खरी क्रांती त्यानंतर शंभर वर्षांनी झाली. स्वच्छ, अजिबात न लहरणारी काच हवी तर तोवर ती दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करावी लागे. १९५२ साली अॅलिस्टर पिल्किंग्टन या इंजिनीअरला सुचलं की वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगत सोडली तर दोन्ही बाजू आपोआप गुळगुळीत होतील. पुढची कथा मला फार जवळची वाटते. पूर्ण आकाराचा प्लँट सुरू झाला आणि चौदा महिने रोज निव्वळ भंगार काच निघत राहिली! आमच्याकडे चौदा दिवस रिलीज लांबली तरी मॅनेजरचा चेहरा बघवत नाही. अखेर जानेवारी १९५९ मध्ये ही 'फ्लोट' काच जगासमोर आली. आपल्याकडे तिचे कारखाने १९९०च्या दशकात आले, त्यातला एक आपल्या तळोज्याला.

आणि डबल काच? अमेरिकेत थॉमस स्टेटसनने १८६५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. पण युरोपात तिला खरा जोर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर, घर गरम ठेवणं परवडेना तेव्हा. यूपीव्हीसीची चौकटही त्याच थंड प्रदेशातली. अॅल्युमिनियममधून उष्णता भराभर वाहते, तर प्लॅस्टिक आणि सागवान दोन्ही तिला अडवतात.

आता गणित. साध्या काचेतून दर चौरस मीटरला, तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण ५.८ वॉट उष्णता जाते, डबलमधून २.८. आत वीस अंश आणि बाहेर शून्य असेल तर चौरस मीटरमागे साठ वॉट वाचतात. आमच्याकडे एसी नाही, आतबाहेर फरक चार-पाच अंशांचा. वाचणार पंधरा वॉट. उलट पश्चिमेच्या खिडकीवर उन्हाळ्यातलं संध्याकाळचं ऊन चौरस मीटरला पाचशे वॉटच्या घरात ओततं आणि साधी डबल काच त्यातलं सत्तर टक्के आत सोडते. त्यावर उपाय छज्जा, नाहीतर ऊन परतवणारी कोटिंगची काच. आवाजाचं म्हणाल, तर त्याला जाड लॅमिनेटेड काच आणि रबर गास्केटवर घट्ट बसणारी, दारासारखी उघडणारी झडप हवी. सरकत्या खिडकीच्या फटीतून आवाज येतच राहतो.

थोडक्यात काय, एकच 'बेस्ट' खिडकी सगळ्या घराला लावायची हीच चूक होती. आईबाबांच्या खोलीला यूपीव्हीसीची चौकट आणि लॅमिनेटेड काच. हॉलची खिडकी पश्चिमेची, तिला कोटिंगची काच आणि वर छज्जा. आणि आजीच्या खोलीला सागवानी चौकट, गज आणि सताड उघडणाऱ्या काचेच्या झडपा. नवं सागवान काही परवडेना, पण टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड मिळालं.

बाबा म्हणाले, "आवाज येणारच की तिच्या खोलीतून." म्हटलं, येऊ दे. रात्री तिच्या खोलीचं दार लावून घेऊ.

काल सुतार जुन्या तुळया घेऊन आला. आजीने लाकडावरून हात फिरवला, नाकाशी नेलं आणि विचारलं, "कुठल्या पेठेतलं रे हे?"

त्याला काही सांगता आलं नाही. असो. पुढच्या शनिवारी चौकट बसेल.