जयपूर इंपीरियल सर्व्हिस ट्रान्सपोर्ट कोअर

जयपूर संस्थानाने १८८९-९० च्या सुमारास उभारलेले लष्करी वाहतूक दल. संस्थानिकांनी स्वखर्चाने पोसलेल्या, पण युद्धकाळात ब्रिटिशांच्या दिमतीला जाणाऱ्या सैन्यास ‘इंपीरियल सर्व्हिस’ म्हणत. तट्टांच्या गाड्यांतून रसद वाहणारे हे दल चित्रळ (१८९५) व तिराह (१८९७-९८) या मोहिमांनंतर, महाराजा सवाई माधोसिंह दुसरे (कार. १८८०–१९२२) यांच्या काळात, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) गेले. त्याच आघाडीवर कुत येथे ऑटोमन (तुर्की) सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला, तीतील मराठा पलटणींसह, २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले.

याच युद्धात ऑटोमन सत्तेविरुद्ध मक्केचे शरीफ हुसेन यांनी जून १९१६ मध्ये अरब स्वातंत्र्यासाठी उठाव केला, परंतु त्याआधीच ब्रिटन व फ्रान्स यांनी साइक्स-पिको या गुप्त कराराने ऑटोमन प्रदेश आपसांत वाटून घेण्याचे ठरवले होते. मेसोपोटेमियात ब्रिटिश फौजांनी मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर १९२० साली ब्रिटनला इराकचा ‘मँडेट’, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने चालवायचा कारभार, मिळाला. त्याविरुद्ध त्याच वर्षी उसळलेले बंड दडपून १९२१ मध्ये हुसेनपुत्र फैसल यांना राजा करण्यात आले. बसरा, बगदाद व मोसुल हे प्रांत रहिवाशांचा कौल न मानता एकत्र बांधले गेल्याने तेथील पुढील संघर्षांची बीजे याच व्यवस्थेत पेरली गेली, आणि तिचा भार वाहणाऱ्यांत स्वतः परतंत्र असलेले भारतीय सैनिकही होते.