६६ जवान आणि न फडकलेला लाल बावटा

अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्तानं आपण जमलो आहोत. समोर पिंपरी, भोसरी, चाकण इथल्या कारखान्यांतली बरीच मंडळी दिसतायत, म्हणून सुरुवात एका प्रश्नानं करतो. हा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो?

पाश्चात्त्य देशांत आगीशी झुंजताना गेलेल्या जवानांची स्मारकं पुष्कळदा दफनभूमीत असतात. न्यूयॉर्कच्या ग्रीन-वुड दफनभूमीत अशी स्मारकं आहेत. आपल्याला दफनभूमीतलं स्मारक म्हटलं की खडकीची युद्ध दफनभूमी आठवते. पण ती सैनिकांची. आपल्या अग्निशामकांचं मोठं स्मारक आहे मुंबईत भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात. म्हणजे जिथून बंब निघतात तिथेच. बहुतेकांचं दहन झालं की आपल्याकडे थडगं उरत नाही, मग आठवण कामाच्या अंगणातच उभी करावी लागते. मला हे जास्त योग्य वाटतं. ड्यूटीवर येणारा नवा जवान रोज त्याच्या समोरून जातो.

हे स्मारक आहे १४ एप्रिल १९४४ चं. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. त्यात काय होतं ते ऐका. सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्यात टॉर्पेडो आणि सुरुंग. शिवाय विमानं, लाकूड, वंगणतेल, सोन्याच्या विटा, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! तुमच्या स्टोअर्समध्ये असं कुणी रचलं तर तुम्ही त्याला उभं तरी कराल का?

धोकादायक माल असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा, हा रिवाज. या जहाजावर तो नव्हता. एरवी असा माल गोदीबाहेर, खोल पाण्यात उतरवत. युद्धाच्या घाईत ते बंधन बाजूला ठेवलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फळक्यातून धूर दिसला. अग्निशमन दल आलं. धूर इतका दाट, की आगीचं मूळच सापडेना. नळ्या सोडून सुमारे ९०० टन पाणी आत ओतलं, तरी कापूस धुमसतच राहिला. ज्यांनी गाठीला लागलेली आग पाहिली आहे त्यांना माहीत आहे, वरून विझल्यासारखी वाटते आणि आतून जळत राहते. इकडे धक्क्यावर चर्चा सुरू होती : जहाज जागीच बुडवायचं, की बाहेर ओढून न्यायचं? ठाम निर्णय कुणीच घेतला नाही. तोवर जवान डेकवर नळ्या धरून उभे.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम आला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेजारचं ‘जलपद्मा’ जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. अर्ध्या तासात दुसरा स्फोट. या हादऱ्यांची नोंद थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. गोदीजवळची वस्ती पेटली, शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले.

चौकशीत संशय सिगारेटच्या थोटकावर गेला. पण थोटकानं फक्त आग लागली. जवानांचे प्राण गेले ते चुकीच्या साठवणुकीमुळे, दडलेल्या माहितीमुळे आणि टाळलेल्या निर्णयामुळे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ‘शौर्य’ हा शब्द इथे जरा जपून वापरावासा वाटतो. ते शूर होतेच. पण त्यांच्या शौर्याची गरज पडावी, ही तजवीज इतरांनी करून ठेवली होती.

हे फक्त १९४४ चं नाही. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी गेले. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या कारखान्याला आग लागली. त्यात ज्या गेल्या, त्या बहुतांश पोटासाठी राबणाऱ्या बायका होत्या. आतमध्ये काय साठवलंय, हे बाहेरच्याला कळणार कसं?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे तुमचा ‘बी फॉर्म’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. अनेक ठिकाणी तो फक्त फायलीत जातो. हायड्रंट उघडून पाणी येतं का, हे कुणी बघत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. भायखळ्याला गेलात तर त्या स्मारकापुढे जरूर हात जोडा. पण उद्या सकाळी कामावर गेलात की आपल्या शेडमध्ये काय, कुठे, किती साठवलंय याची यादी गेटवर आहे का, तेवढी बघा. मध्यरात्री बंब आला, तर आत शिरणाऱ्या पोराच्या हातात ती यादी पडली पाहिजे. तोच आपला लाल बावटा.

आता प्रश्न असतील तर विचारा.