सांध्यातले पाणी : काथ्या, राळ आणि मराठी आरमार

(धागा)

१/ खराडीतल्या एखाद्या सोसायटीच्या वाहनतळावर जुनी कॅम्पर-व्हॅन दिसली, तर आता नवल वाटत नाही. मृग लागण्यापूर्वी तिच्या मालकाला एक काम चुकत नाही : छपराच्या आणि खिडक्यांच्या सांध्यांतले, उन्हाने तडकलेले सीलंट खरवडून काढायचे व नवे भरायचे. पत्रा सहसा गळत नाही; गळतो तो सांधा. खराडीजवळून वाहणाऱ्या मुळा-मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. आजची कथा मात्र दुसऱ्या समुद्राची आहे. कोकणच्या किनाऱ्यावर याच सांध्यांनी आरमारांचे वेळापत्रक ठरवले.

२/ आरंभी अरबी समुद्रातली कित्येक जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसत, काथ्याने शिवलेली असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ओमानकडच्या अशा शिवलेल्या नौकांचा उल्लेख येतो. कल्याण आणि चौल ही आपली बंदरेही त्याच ग्रंथात आहेत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली. नारळाच्या काथ्याची शिवण, वर माशाच्या तेलाचा हात. त्याने त्यांना नावे ठेवली. माझ्या मते तो निवाडा घाईचा होता. शिवलेला सांधा लाटेबरोबर थोडा वाकतो. खिळ्याचा सांधा वाकत नाही.

३/ खिळ्यांचे जहाज आले आणि फटी बुजवण्याची कला अपरिहार्य झाली. लाकूड पाण्यात फुगते, उन्हात आकसते. म्हणून फटीत भरायचा पदार्थ दाबला जाणारा आणि पुन्हा फुलणारा हवा. जुन्या दोरखंडाचे पिंजलेले तंतू, काथ्या किंवा कापूस बोथट पटाशीने व लाकडी हातोड्याने सांध्यात ठासायचा; त्यावर तेलात कढवलेली राळ ओतायची. ठासणे कमी पडले तर तंतू लाटांनी उपसून येतात, अति झाले तर फळ्याच एकमेकींपासून सरकतात. हा अंदाज हाताला येतो, पोथीत लिहून देता येत नाही. तळाच्या बाहेरून चुना व तेल यांचा लेप देत, कारण लाकूड पोखरणारा समुद्रकिडा सांध्याची वाट पाहत बसत नाही.

४/ या कामाला खलाशांच्या हिंदुस्थानीत ‘कालापत्ती’ म्हणत. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो शब्द नोंदलेला आहे. तो आला पोर्तुगीज ‘कालाफाते’वरून, आणि पोर्तुगिजांकडे तो अरबीतून गेला, असे कोशकार सांगतात. म्हणजे अरबांचा शब्द युरोपला वळसा घालून पुन्हा आपल्या किनाऱ्यावर उतरला!

५/ छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार उभारायला घेतले, तेव्हा जहाजबांधणीसाठी रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर त्यांच्या चाकरीत होता. १६५९च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला व त्याच्या माणसांना फोडले. मंडळी काम टाकून निघून गेली. जहाजाचा सांगाडा कुणीही मोजून घेऊ शकतो. हाताचे कसब मात्र माणसाबरोबर निघून जाते, हे पोर्तुगीज पुरते ओळखून होते. तरीही आरमार थांबले नाही. स्थानिक सुतार-खलाशांनी ते वाढवले.

६/ पावसाळ्यात हे आरमार किनाऱ्याला लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या छावणीविषयी सूचना आहेत : समुद्र खवळण्यापूर्वीच नौका सुरक्षित बंदरी न्याव्यात आणि दरवर्षी छावणीचे बंदर बदलावे. डागडुजीची संधीही हीच. कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठा. उधाणाच्या भरतीला नौका वर घ्यावी, ओहोटीत ती चिखलावर टेकली की तळ आपोआप उघडा पडतो. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीकाठी तर खडकात कोरलेली गोदीच आहे.

७/ पण तेल-राळ प्यालेल्या लाकडाला आगीचे भय असते. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडला, आग लागली आणि पाहता पाहता जवळजवळ सगळा काफिला जळाला. इंग्रजांच्या बाजूने या मोहिमेत पेशव्यांचे सैन्यही होते, हे विसरू नये.

८/ उत्तरेला सुरतेत वेगळीच रीत होती. १७७०च्या दशकात आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस ती तपशिलाने वर्णितो. एका फळीच्या कडेला शेंदूर लावायचा, दुसरी फळी त्यावर दाबायची. जिथे रंग उमटेल तो उंचवटा तासायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा तासणे. कडा एकमेकींत खाचेने तंतोतंत बसेपर्यंत हेच चाले. मग दोन्ही कडांना कालांतराने लोखंडासारखी कडक होणारी चिकी, त्यावर सावरीच्या कापसाचा पातळ थर, आणि फळ्या घट्ट जोडायच्या. सांधा दिसेनासा होई. फट बुजवण्यापेक्षा फट उरूच न देण्याची ही बुद्धी होती.

९/ सुरतेचेच सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या वंशजांपैकी जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज अमेरिकनांनी १८१२मध्ये नष्ट केले. नवे नकाशे यायला वेळ लागला. शेवटी १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची डागडुजी २००१मध्ये पुरी झाली, आणि तिथल्या गोदीत ती आजही तरंगत आहे.

(समाप्त)