पैनगंगेपलीकडचा पाहुणा

एखाद्या परक्या मनुष्याने काढलेले चित्र आपल्या हाती यावे, त्यातील चेहरे पाहून 'ही मंडळी कोणत्या मुलखातली?' असे आपण कौतुकाने विचारावे, आणि 'अहो, ही तर तुमच्याच शेजारची!' असे उत्तर मिळावे, म्हणजे जी फजिती होते ती आम्हां यवतमाळकरांच्या वाट्यास आलेली आहे. पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या आठवड्याच्या बाजारात गोंड व कोलाम आम्ही लहानपणापासून पाहत आलो. डिंक, मोहफुले, बांबूच्या टोपल्या त्यांच्याकडून आम्ही घेतल्या, भावात घासाघीसही केली. परंतु बाजार उठल्यावर ती माणसे कोठे जातात, त्यांच्या घरी कोणता देव आहे, दिवाळीत ती काय गातात, हे विचारण्याची बुद्धी आम्हांपैकी फारच थोड्यांस झाली. ती ज्यास झाली तो गृहस्थ व्हिएन्नाहून आलेला होता. त्याचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. छायाचित्रण हा त्याचा धंदा नव्हे. तो मानववंशशास्त्राचा अभ्यासक. तथापि जन्मभर तो कॅमेरा बाळगून हिंडला, आणि त्याने घेतलेली दहा हजारांहून अधिक छायाचित्रे लंडन येथील प्राच्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत जतन केलेली आहेत.

आपल्याकडे हौशी छायाचित्रकारांची परंपरा काही आजची नव्हे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण करणाऱ्यांची मंडळी स्थापन झाली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. त्या काळी हाती कॅमेरा घेणारे बहुतेक गोरे लोक लष्करातले अथवा मुलकी खात्यातले अधिकारी असत. त्यांच्या हौसेचा सरकारने उपयोग करून घेतला, आणि १८६८ ते १८७५ ह्या काळात हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचा आठ खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या खंडांची पाने उलटू लागले म्हणजे एक गोष्ट मनास टोचते. चित्राखाली बहुधा जातीचे नाव आहे, मनुष्याचे नाही. सत्तावनच्या बंडाने हादरलेल्या राज्यकर्त्यांस आपल्या प्रजेची ओळख करून घ्यावयाची होती खरी, पण ती ओळख खानेसुमारीच्या जातीची होती. हायमेनडॉर्फ ह्यांच्या कामाचे मोल ठरविताना हा आधीचा इतिहास दृष्टीआड करून चालणार नाही.

हायमेनडॉर्फ ह्यांचा जन्म १९०९ सालचा. व्हिएन्नाच्या विद्यापीठात पदवी मिळवून ते पुढील अभ्यासासाठी लंडनला गेले, आणि १९३६ साली आसामच्या सरहद्दीवरील नागा टेकड्यांत येऊन कोन्याक नागांमध्ये राहिले. त्या मुक्कामावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात लंडनमध्ये बेट्टी बर्नार्डो ह्या इंग्रज स्त्रीशी त्यांचा विवाह झाला होता. पुन्हा हिंदुस्थानात यावयाचे, नागांचे काम पुरे करावयाचे, असा बेत होता. परंतु मनुष्याच्या बेताहून काळाचे बेत मोठे असतात. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केला होता, म्हणून ह्या ऑस्ट्रियन पंडिताचे पारपत्र जर्मन ठरले होते. १९३९ साली ते हिंदुस्थानात आले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. कालचा पाहुणा आज शत्रुराष्ट्राचा प्रजानन ठरला. आसामची सरहद्द त्यांस बंद झाली. हैदराबाद संस्थानात त्यांचे स्नेही वरिष्ठ अधिकारपदांवर होते, त्यांच्यामुळे तुरुंगवास टळला आणि निजामाच्या मुलखात राहून अभ्यास करण्याची मुभा मिळाली. नल्लमलाच्या रानात चेंचू लोकांत, मग गोदावरीकाठच्या रेड्डी लोकांत त्यांनी दिवस काढले, आणि १९४१ साली ते आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे पैनगंगेच्या दक्षिण तीरावरच्या गोंडांत, येऊन पोचले.

येथे नदीची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. वऱ्हाडाच्या आग्नेय कोपऱ्याचा जो जिल्हा झाला त्यास पुढे वणीचे नाव मिळाले, आणि १९०५ साली त्याचेच नाव यवतमाळ असे झाले. तेव्हापासून पैनगंगा ही नुसती नदी न राहता दोन कारभारांमधली वेस झाली. उत्तरेस इंग्रजी कायदा व कापसाचा व्यापार, दक्षिणेस निजामाचा तालुकदार व जंगलखाते. परंतु गोंडांच्या व कोलामांच्या सोयरिकीस ही वेस कधीच मान्य नव्हती. केळापूर तालुक्यातल्या मुलीचे सासर नदीपलीकडे आणि तिकडच्याचे आजोळ इकडे, हा क्रम चालूच राहिला. हायमेनडॉर्फ ह्यांस मात्र ती वेस पाळणे भाग होते. त्यामुळे एकाच समाजाच्या दोन तीरांपैकी दक्षिण तीर त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आला, आणि आमचा तीर दृष्टीच्या टप्प्यात असूनही त्या काळी चौकटीबाहेर राहिला.

ते आदिलाबादेस गेले तेव्हा ते रान शांत नव्हते. जंगल राखीव करण्याच्या धोरणाने गोंडांची कसलेली शेते एका रेघेसरशी सरकारी झाली होती. गुरे चारणे, लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला होता. पट्टा म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नव्हते त्यांच्या जमिनी पट्टा जाणणाऱ्यांच्या नावावर चढल्या होत्या. जोडेघाट येथे कुमराम भीमू नावाच्या गोंड पुढाऱ्याने ह्या अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलले, आणि १९४० साली तो आपल्या सोबत्यांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडला. बंड मोडले, पण ते का झाले हा प्रश्न दरबारास भेडसावू लागला. त्याचा उलगडा करण्याचे काम ह्या परदेशी अभ्यासकाकडे आले.

हायमेनडॉर्फ दांपत्याने उटनूरच्या डोंगरांतील मार्लवाई हे गाव निवडले. लच्चू पटेल हा तेथील प्रमुख. डाकबंगल्यात उतरून पुढाऱ्यांस बोलावणे पाठवावयाचे, ही अधिकाऱ्यांची रीत सोडून ते गावातच गोंडांच्या घरासारखे घर करून राहिले आणि गोंडी बोलू लागले. छायाचित्राच्या दृष्टीने ह्या गोष्टीस फार महत्त्व आहे. अनोळखी मनुष्याने कॅमेरा रोखला म्हणजे समोरचा मनुष्य लाकडासारखा ताठ होतो, हा अनुभव आपल्या घरच्या लग्नकार्यातही येतो. रोज सकाळी पाणवठ्यावर भेटणारा, पेरणीच्या व पावसाच्या गोष्टी करणारा मनुष्य कॅमेरा घेऊन आला, तर काही दिवसांनी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आणि लक्ष देत नाही म्हणूनच चित्रात खरे जीवन उतरते. किंगरी वाजवून कुळांच्या कथा गाणारे परधान, मोरपिसांचे भले मोठे मुकुट घातलेले आणि अंगास राख फासलेले घुसाडी, दिवाळीत एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे होऊन जाणारे दंडारीचे मेळे, असे ते जीवन. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात देवाधर्माच्या कथांइतकेच नावागावांनिशी ओळखू येणारे लोक आहेत. त्या आठ खंडांत जे उणे होते ते येथे पुष्कळ अंशी भरून निघाले.

त्या ग्रंथातील सगेपणाची व्यवस्था आमच्या वाचकांनी अवश्य समजून घ्यावी. गोंड समाज आपल्या मूळपुरुषांच्या संख्येवरून चार, पाच, सहा व सात भावांच्या सग्यांत विभागलेला आहे. एका सग्यातले सर्व परस्परांचे भाऊबंद, म्हणून सोयरीक करावयाची ती दुसऱ्या सग्यात. कोलामांचे स्थान आणखी विशेष. भूमीच्या व रानाच्या देवतांची पूजा कोलामाच्या हातून व्हावी असे गोंड मानतात. संख्येने व सत्तेने लहान अशा शेजाऱ्यास मोठा समाज पुजाऱ्याचा मान देतो. ज्यांस आम्ही टोपल्या विकणारे म्हणून ओळखत होतो, त्यांस त्यांचे शेजारी देवाचे दार उघडणारे म्हणून ओळखत होते. महाराष्ट्रातील कोलामांची मुख्य वस्ती आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही माहिती नदीपलीकडून यावी ह्याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

केवळ चित्रे घेऊन हे गृहस्थ स्वस्थ बसले असते, तर त्यांच्याविषयी इतके लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांनी संस्थानास अहवाल दिले आणि जमीन हा कलहाचा कंद असल्याचे स्पष्ट सांगितले. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. तिच्यासाठी गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. कारण त्या भागात मराठीचा वावर होता आणि गोंडीतून मराठीकडे जाणे मुलांस सोपे होते. पुढे हायमेनडॉर्फ हे संस्थानाचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले, आणि सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावे करून देण्यात आली. ह्या खटपटीत संस्थानाच्या नोकरीतील एक मराठी अधिकारी पुढे होते, ते म्हणजे सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहेत. परंतु त्यांनी गोंडी शिकून गोंडांवर पुस्तक लिहिले आणि १९५० साली कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मराठी मनुष्यास हे काम अशक्य नव्हते, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. ज्या दरबाराच्या पोलिसांनी भीमूस मारले त्याच दरबाराच्या आश्रयाने हा अभ्यास झाला. हायमेनडॉर्फ ह्यांच्या लेखनात जुन्या जीवनाविषयी एक हळवेपणा आहे. जे बदलत होते त्यापेक्षा जे टिकून होते त्यावर त्यांची दृष्टी अधिक रमली, असेही म्हणता येईल. परंतु आश्रित असूनही त्यांनी आश्रयदात्याचे दोष लिहून दिले, हे विसरणे अन्यायाचे होईल. हळवेपणाचे उत्तर पुढे त्यांनी स्वतःच दिले.

१९४९ नंतर ते लंडनला अध्यापक झाले. नेपाळचे दार परदेशीयांस उघडताच ते तिकडे गेले आणि शेर्पांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. परंतु वार्धक्यात त्यांचे पाय पुन्हा आदिलाबादेकडे वळले. १९७६ पासूनच्या फेऱ्यांत त्यांना काय दिसले? जेथे तीस वर्षांपूर्वी गोंडांची शेते पाहिली होती, तेथे पुष्कळ ठिकाणी दुसऱ्यांचे नांगर चालत होते. रस्ते झाले, बाजार वाढले, आणि त्यांबरोबर जमीन शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्या भरतीत पैनगंगेच्या उत्तरेकडून गेलेली माणसेही होती, हे आम्ही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. त्यांतील बहुतेक स्वतः गरजू होती; पण गरजूने अधिक गरजूस हुसकावले, ह्यामुळे दुःख काही कमी होत नाही. १९७९ व १९८२ साली आलेल्या दोन पुस्तकांत हायमेनडॉर्फ ह्यांनी ही हानी लिहून ठेवली. त्या दोहोंच्या मधल्या काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, जमिनीच्या प्रश्नासाठी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेकजण प्राणास मुकले. भीमूच्या मृत्यूस तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. राज्य बदलले होते, गाऱ्हाणे तेच होते.

अशा वेळी १९४१ नंतरच्या त्या जुन्या छायाचित्रांस निराळाच अर्थ येतो. ज्या काळी ती घेतली त्या काळी ती रीतिभातींची नोंद होती. आज ती साक्ष झाली आहे. येथे गाव होते, ह्या माणसाचे येथे घर होते, ह्या माळावर त्याची गुरे चरत होती, असे ते कागदाचे तुकडे सांगतात. ज्यांच्याजवळ दस्तऐवज नाहीत त्यांच्या बाजूने बोलणारे फारसे काही नसते. मात्र साक्षीने न्याय होतोच असे नाही, हेही त्याच इतिहासाने शिकविले.

बेट्टीबाई जन्मभर पतीबरोबर रानोमाळ हिंडल्या. १९८७ साली हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांस मार्लवाईच्या मातीत विसावा मिळाला. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला वारले. पुढे त्यांच्या अस्थीही तेथेच आणण्यात आल्या. गावकरी दरवर्षी त्या समाधींपाशी जमून दोघांची आठवण काढतात. युद्धाने अडकवून ठेवलेला पाहुणा अखेर आपण होऊन तेथला रहिवासी झाला.

पौष महिन्यात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाच्या ह्या देवाच्या दर्शनास आजही पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रातून लोक जातात. आमच्या घरांतील तरुण मंडळींच्या हाती आता खिशात मावणारे कॅमेरे आहेत, आणि त्यांस कोणत्याही सरहद्दीची आडकाठी नाही. त्यांनी त्या जत्रेस जरूर जावे, चित्रेही घ्यावीत. आमची विनंती एवढीच की, चित्र घेण्यापूर्वी समोरच्या मनुष्याचे नाव विचारावे, आणि पुढील बुधवारी तो पांढरकवड्याच्या रस्त्यावर भेटला तर त्यास त्या नावाने हाक मारावी.