तापी नदी (बऱ्हाणपूर परिसर)

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरची जीवनदायिनी नदी. बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून सु. ७२४ किमी. पश्चिमेस वाहत ती सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. शहर तिच्या उत्तर तीरावर, तर जैनाबाद पैलतीरी आहे. काठच्या काळ्या, गाळाच्या जमिनीत केळी, कापूस व ऊस पिकतो; केळीचा हा पट्टा पुढे जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलपर्यंत पसरला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी मुरून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवून, भूमिगत बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्याची ‘कुंडी भंडारा’ योजना मोगल काळात, १६१५ च्या सुमारास झाली. बोगद्यावर ओळीने खोदलेल्या विहिरीवजा कुंड्या हवा खेळती राहण्यास व गाळ उपसण्यास उपयोगी पडत. केळीला पाणी फार लागत असल्याने भूजलाचे पुनर्भरण येथे महत्त्वाचे ठरते.